धान निवडताना हरभऱ्याचे दिवस मोजा

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. या भागात स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांची थोडीफार शेती आरंग-अभनपूरकडे आहे, त्यांच्यापुढे दर मे महिन्यात एकच प्रश्न असतो : यंदा धान कोणते लावायचे? ‘स्वर्णा’चे नाव पहिले निघते. उत्पन्न भरघोस, बियाणे ओळखीचे. मात्र वर्षातून दोन-तीन पिके घ्यायची असतील, तर एकट्या धानाचा उतारा पाहून भागत नाही.

हिशोब सोपा आहे. २० जूनला रोपे टाकली, तर साधारण १४५ दिवसांचे ‘स्वर्णा’ १२ नोव्हेंबरच्या सुमारास पिकते. कन्हार म्हणजे भारी काळी जमीन. ती वाफशावर येईपर्यंत महिना संपतो. उशिरा पेरलेला हरभरा ऐन घाटे भरताना उन्हात सापडतो. धानात चार पोती जास्त मिळाली, हरभऱ्यात ती गेली!

इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचे ‘महामाया’ सुमारे १२५ दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरअखेर निघते. दाणा जाड असल्याने घरी भाताला कुणी नाक मुरडेल, पण पोह्यांसाठी त्याला चांगली मागणी असते. मागोमाग ‘जे. जी. ११’ हरभरा पेरावा. तो सुमारे १०० दिवसांत येतो व मर रोगाला सहसा बळी पडत नाही. पेरणी लांबलीच तर उष्णता सोसणारा ‘जे. जी. १४’ बरा. मार्चमध्ये विहिरीला पाणी असेल, तरच ‘विराट’ मूग घ्यावा. तो दोन महिन्यांच्या आत हाती येतो.

हलक्या, पिवळसर मटासी जमिनीत ओल टिकत नाही. तिथे १००-१०५ दिवसांचे ‘दंतेश्वरी’ योग्य. ज्यांच्याकडे रब्बीला पाणीच नाही, त्यांनी भारी जमिनीत कापणीपूर्वी दोन-तीन आठवडे उभ्या धानात तिवडा (लाख) फेकावा. छत्तीसगढची ही जुनी ‘उतेरा’ पद्धत. इथे धान थोडे उशिराचे असले तरी चालते. बियाणे मात्र कमी विषारी अंशाचे, ‘महातिवडा’सारखे घ्यावे.

शेजाऱ्यांशी आधी बोलणे बरे. साऱ्या शिवारात एकट्याचेच धान लवकर पिकले, तर पाखरे तिथेच उतरतात, आणि धान निघाल्यावर मोकाट सुटलेली गुरे हिरवा हरभरा ठेवत नाहीत.