शाळेला सुट्टी लागली, आईबापाला नाही. ११ ते ४ पोरं कुणाच्या नजरेखाली?

बीड : १ मेला निकाल हातात पडला की २ मेपासून शाळेला कुलूप. ते उघडणार थेट जूनच्या मध्यात. म्हणजे दीड महिना. या दिवसांत मोबाईलवर ‘सुट्टीत मुलांना कसं रमवाल’ अशा व्हिडिओंचा पाऊस पडतो. चित्रकलेचं शिबिर लावा, पोहण्याचा क्लास लावा, थंड हवेच्या ठिकाणी न्या. शहरातल्या घरांना ते ठीक असेल. आपल्याकडं प्रश्न पोरं रमवण्याचा नाहीच, ती आपोआप रमतात. प्रश्न आहे तो ती कुठं रमतात याचा.

आष्टी घ्या, धारूर घ्या, मे महिन्यातली दुपार सगळीकडं सारखीच. कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, कोयत्यावर गेलेली माणसं परत आलेली असतात. पण घरी बसायला कुणालाच परवडत नाही. बाप नांगरटीच्या नाहीतर रोजगार हमीच्या मागं. आई रानात, नाहीतर टँकरच्या रांगेत. मध्येच भावकीतलं लग्न. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात घरात उरतात ती पोरं आणि फार तर एखादी थकलेली आजी. वर्षभर हा वेळ बऱ्यापैकी शाळा उचलत असते. जिल्हा परिषदेची शाळा शिकवते किती, यावर खुशाल वाद घाला. पण ती रोज काही तास पोर सांभाळते आणि एक वेळ जेवू घालते, याबद्दल वाद नाही. सुट्टी लागली की ही दोन्ही कामं एकाच दिवशी बंद होतात आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही.

पाणी आटतं तेव्हाच धोका वाढतो

शेततळ्यात बुडून दोघा भावंडांचा मृत्यू, विहिरीत पडून चिमुकलीचा अंत. उन्हाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पुढं सरकवतो. पण त्यातल्या बऱ्याच बातम्या एकाच पठडीतल्या असतात. वेळ दुपारची. मोठं माणूस जवळ नाही. एक जण घसरतो, दुसरा त्याला काढायला जातो.

शेततळ्याचं गणित समजून घ्या. आपल्याकडं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली आणि शिवारात तळी वाढली. ३० बाय ३० मीटरचं तळं साधारण ३ मीटर खोल, म्हणजे दहा फूट. कडा उतरत्या आणि त्यावर प्लास्टिकचा कागद. ओला झाला की हा कागद साबणासारखा होतो, त्यात शेवाळ. पावसाळ्यात तळं तुडुंब असतं तेव्हा काठ हाताशी येतो. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं आता कसली भीती. उलट आहे. पाणी खाली गेलं की वर यायची घसरण तेवढी लांब होते. छातीभर पाण्यातून पोहता येणारं पोरसुद्धा त्या कागदावरून वर चढू शकत नाही. चार वेळा घसरलं की दम संपतो. बुडणारं पोर ओरडत नाही, हेही लक्षात ठेवा. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला वेळच नसतो. त्यामुळं ‘काही झालं तर आवाज येईलच की’ हा भरवसा खोटा आहे.

सगळ्यात जास्त जपायला हवं ते गावात नव्यानं आलेल्या पोरांना. पुण्या-मुंबईहून मामाच्या गावाला आलेलं पोर पोहायला शिकलेलं नसतं आणि मामेभावांसमोर माघारही घेत नाही. कोयत्यावरून परत आलेल्या पोराचं वेगळं. गेल्या दिवाळीनंतर कुणाच्या रानात नवीन तळं खोदलं, कुठल्या विहिरीचा कठडा ढासळला, हे त्याला माहीतच नसतं. सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत अशा पोरांना सोबत घेऊन शिवार दाखवा. कुठं जायचं नाही ते बोट करून सांगा. घरात बसून दिलेली तंबी त्यांच्या लक्षात राहत नाही.

तळ्याच्या मालकानं करायचं काम एका दुपारचं आहे. चारही बाजूंना काठावर पक्की खुंटी ठोका आणि तिला पाण्यापर्यंत जाड दोर सोडा. हातभर अंतरावर गाठी मारा, म्हणजे ओला हात सरकत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या पडून असतील तर त्यांची शिडी करा. ट्रॅक्टरच्या टायरची जुनी ट्यूब हवा भरून, दोर बांधून काठावर ठेवा. तारेचं कुंपण सगळ्यांत चांगलं, पण पैसे नसतील तर निदान पायवाटेच्या बाजूला बोराटीच्या नाहीतर बाभळीच्या फांद्यांची वई घाला. रानडुकरापासून पीक राखायला आपण एवढी खटपट करतोच की.

आणि कुणी बुडताना दिसलंच तर पोहता येत नसताना उडी मारू नका. दोर, साडी, धोतर, लांब काठी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेका. बाहेर काढलेल्या पोराला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे आपल्याकडं अजून चालतं. त्यात मोलाचा वेळ जातो, आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती वेगळीच. श्वास चालत नसेल तर पोराला उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक धरून तोंडानं श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाब, पुन्हा २ श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्या माणसानं तोवर १०८ ला फोन लावायचा.

पोहायला शिकवूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. उलट पाठीला डबा बांधून, काका-मामा विहिरीत उतरून शिकवायचे ती पद्धत चांगली होती. आता उतरणारा काका पुण्यात आहे आणि पोरं एकमेकांचं बघून शिकतात. फरक तिथं पडला. सुट्टीला गावी येणाऱ्यांनी भेळभत्ता आणण्यापेक्षा रोज तासभर पोरांसोबत पाण्यात उतरावं.

थोरलीच्या अंगावर टाकलेलं काम

पोरं कुणावर सोडून जाता, असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं, ‘थोरली आहे की.’ थोरली म्हणजे नऊ-दहा वर्षांची पोर. तिच्या कडेवर दीड वर्षाचं, मागं चार वर्षांचं, वर पाणी भरणं, भांडी, शेळीला चारा. तिची सुट्टी सुट्टी नसतेच. आणि तिच्यानं हे होणारही नाही. नऊ वर्षांच्या पोरीचं लक्ष खेळाकडं जाणारच, गेलंच पाहिजे. मग धाकटं टाकीत पडलं की आयुष्यभराचा बोल तिच्यावर. हा तिच्यावर उघड अन्याय आहे. दोन-तीन वर्षांच्या लेकराला विहीरच लागते असं नाही. न्हाणीघरातली पाण्यानं भरलेली बादली, उघडा हौद, अर्धा भरलेला ड्रमही पुरतो. टँकरचं पाणी साठवायचे हेच दिवस. ड्रमवर झाकण आणि झाकणावर पाटा, एवढं केलंच पाहिजे.

यावर उपाय बांगलादेशानं करून पाहिलाय. तिथंही गावोगाव तळी, आईबाप कामात, आणि लहान लेकरं बुडतात ती बहुतेक सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात. म्हणून त्यांनी गावातल्याच एखाद्या बाईच्या घरी त्या वेळेपुरती लेकरं एकत्र ठेवायला सुरुवात केली. त्याला ते ‘आंचल’ म्हणतात. बुडण्याचं प्रमाण त्यानं खूपच कमी झालं. आता जागतिक आरोग्य संघटनाही लहान पोरांसाठी हाच उपाय सांगते.

आपल्याला एवढं मोठं काही उभारायची गरज नाही. एका गल्लीत सात-आठ घरं असतात. आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरातल्या मोठ्या माणसानं रानात जायचं नाही, गल्लीतली सगळी पोरं सांभाळायची. त्याचा एक रोज बुडतो, हे खरंय. पण बाकीचे सहा दिवस तो निर्धास्त कामाला जातो. हातावर पोट असलेल्या घराला ज्या दिवशी पाळी जड जाते, त्या दिवशी बाकीच्यांनी थोडेथोडे पैसे काढून त्याचा रोज भरावा. मजुरीची सावड आपण पिढ्यानपिढ्या करत आलो, पोरांची सावड करायला काय हरकत आहे? अंगणवाडी किती वाजेपर्यंत उघडी राहणार आहे हेही सेविकाताईंना आत्ताच विचारून घ्या. धाकट्यांचा तेवढा वेळ तरी सुटेल.

दुपारी सावलीत काय करायचं याची काळजी नको. नवीन चिंच फोडून झालेली असते, चिंचोके घरोघर पडलेत. चल्लस-आठ, सागरगोटे, वाघ-बकरी आजीला येतंच. वाचणारं पोर असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर माझं मत सरळ सांगतो. दुपारच्या रखरखाटात पोर दोन तास मोबाईल बघत घरात बसलं तर आभाळ कोसळत नाही. विहिरीपेक्षा मोबाईल बरा. फक्त रात्रीचा नको, आणि ज्या मोबाईलला बँक जोडलीय त्याचा पैशाचा पिन पोराला माहीत नको. गेमच्या नादात खातं रिकामं झालं की मग ओरडून उपयोग नसतो.

बाकीचं थोडक्यात. पारा ४० च्या वर असताना ११ ते ४ उन्हात नको. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून, घोटघोट पाजा. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना आधी पिन काढा, आणि ओल्या पायांनी पोराला कूलरजवळ जाऊ देऊ नका. रोटाव्हेटर चालू असताना पोर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नको, कितीही हट्ट करू दे.

रात्री उकडतं म्हणून अंगणात जमिनीवर अंथरूण टाकतो, तिथं मण्यार येते. तिचा दंश दुखतोच असं नाही. पहाटे पोराच्या पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि आपण बाधलं म्हणून ओवा देत बसतो. बाजेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. लाल विंचू चावला आणि पोराला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं दिसलं तर मंत्र-उतारा करत बसू नका. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला आयुष्य घालवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी चाळीस वर्षांपूर्वीच प्राझोसिन या साध्या गोळीनं अशी माणसं वाचवून दाखवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, दवाखान्यात वेळेत पोचणं आपल्या हातात आहे. साप असो की विंचू, थेट ग्रामीण रुग्णालय.

खिचडी थांबते त्याचं काय?

पहिली ते आठवीच्या पोरांना शाळेत मिळणारं जेवण सुट्टीत बंद होतं. ज्या घरात दुपारची भाकर सकाळीच करून झाकून ठेवलेली असते, तिथं ही खिचडी म्हणजे मोठा आधार. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेचं जेवण द्यायला सांगितलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यानं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. तुमचा तालुका दुष्काळाच्या यादीत येईल त्या वर्षी हे जेवण मागून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, त्यांनी तोंड उघडलं पाहिजे.

सरकारचा हात कधी सैल होतो तेही बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी कुटुंबातलं माणूस बुडून, सर्पदंशानं किंवा शॉक लागून गेलं तर २ लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५. म्हणजे सगळ्यात जास्त जपावं लागतं ते चार-पाच वर्षांचं लेकरू त्यात बसतच नाही. आणि तळ्यावरच्या दोराला, विहिरीच्या कठड्याला पैसे कुठून, हे कुणी सांगत नाही.

ते आपणच विचारायचं. १ मेला गावोगाव ग्रामसभा असते. गावातल्या बिनकठड्याच्या विहिरी आणि उघडी शेततळी किती, याची यादी त्या दिवशी वाचायला लावा. सार्वजनिक विहिरीचा कठडा ग्रामपंचायतीनं बांधायचा, खासगी तळ्यावर दोर मालकानं सोडायचा, असा ठराव घ्या. ग्रामपंचायतीला उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. दुपारी पोरं सांभाळणाऱ्या बाईचं मानधन त्यातून द्या, अशी मागणी करा. जागा शाळेचीच मागा. पत्र्याची खोली असेल तर नको, तिची दुपारी भट्टी होते. मग मारुतीच्या देवळाचा सभामंडप बघा. पण शाळेला स्लॅबची खोली, पंखा आणि पाण्याची टाकी असेल तर तिची चावी सुट्टीत कुणाकडं राहणार, हे मुख्याध्यापकांना ३० एप्रिलच्या आतच विचारून ठेवा. २ मेनंतर ते त्यांच्या गावी जातात.