कुत्रा उचलल्यानंतरचं बिल कोणाचं?

७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळा-कॉलेज, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलायची, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायची आणि पुन्हा तिथे सोडायची नाहीत. म्हणजे हा विषय आता थेट आपल्या कॅम्पसचा झाला. कट्ट्यावर तेव्हापासून दोनच सूर ऐकू येतात: 'बरं झालं, कटकट गेली' आणि 'बिचारी मुकी जनावरं'. शेल्टरमध्ये त्यांना रोज खायला कोण घालणार आणि कशातून, हे मात्र दोन्हीकडचं कोणी विचारत नाही.

साधा हिशेब करू. वीस कुत्री धरा. दोन वेळचा भात, त्यात कोंबडीचे पाय आणि माना. एका कुत्र्यामागे दिवसाला चाळीस रुपये धरले तरी रोजचे ८०० आणि महिन्याचे २४,००० रुपये झाले. यात औषधं नाहीत, जागेचं भाडं नाही, फिनाईल नाही, मदतनीसाचा पगार नाही.

खरा खर्च औषधांचा. जखमेत किडे पडले की ते काढून रोज ड्रेसिंग करावं लागतं. गोचिडांचा ताप आला तर गोळ्या साधारण चार आठवडे चालतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना होणाऱ्या गुप्तांगाच्या गाठीला दर आठवड्याला एक इंजेक्शन लागतं, तेही बरेच आठवडे. पिल्लाला पार्व्हो झाला तर काही दिवस सलाईन, आणि त्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवायला जागा. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे त्या जागेत लस न दिलेलं दुसरं पिल्लू ठेवता येत नाही. गाडीखाली येऊन कंबर मोडलेल्या कुत्र्याची लघवी दिवसातून तीन-चार वेळा हाताने पोट दाबून काढावी लागते. दिवाळी असो की परीक्षा, याला सुट्टी नसते.

आणि आपण काय करतो? शनवाऱ्यात नाहीतर लालबागला एखादा कुत्रा पडलेला दिसला की फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, कोणाचा तरी नंबर शोधून 'लवकर या' म्हणून फोन करतो. गाडी येऊन कुत्र्याला घेऊन गेली की आपलं पुण्य पदरात पडलं. पुढच्या महिन्याभराचं बिल मात्र जी ताई किंवा जो दादा घेऊन गेला, त्याच्या खिशातून जातं. वर 'तुमची तर संस्थाच आहे ना' हे ऐकावं लागतं ते वेगळंच! अशी माणसं थकतात, कर्जात जातात आणि एक दिवस फोन उचलणं बंद करतात. मग आपणच म्हणतो, हे लोक नुसते नावाला असतात.

म्हणून मला वाटतं, सगळं ओझं शेल्टरवर टाकणं चूक आहे. मुंबईत १९८५ पासून काम करणारी 'द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था नसबंदी आणि रेबीजच्या लशीबरोबर जागेवरच प्रथमोपचारही करते. त्यांचे स्वयंसेवक आपापल्या भागात जाऊन कुत्र्याची जखम साफ करतात, औषध लावतात. कुत्रा आपल्याच गल्लीत राहतो आणि शेल्टरमधली जागा खरंच गंभीर असलेल्या जनावराला मिळते. बऱ्हाणपूरसारख्या गावाला हेच परवडेल.

कोणी म्हणेल, माणसांना चावतात त्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण म्हणूनच नसबंदी आणि लस ही दयेची नाही, सार्वजनिक आरोग्याची कामं आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे ती जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे आपल्याकडे नगर निगमची आहे. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो. वेळेवर केलेलं एक ऑपरेशन पुढच्या कितीतरी पिल्लांचा खर्च वाचवतं.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी. फोन करणाऱ्याने सोबत जायचं, आणि पहिल्या दिवसाचं रिक्षाभाडं आणि औषध आपण द्यायचं. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, तोही मोबाईलमध्ये ठेवा. दुसरं, वाढदिवसाला बिस्किटांचे पुडे वाटण्यापेक्षा वर्गातल्या तीस जणांनी महिन्याला वीस-वीस रुपये काढले तर ६०० रुपये होतात. रक्कम छोटी आहे, पण दर महिन्याला येणारी आहे, आणि शेल्टर चालवणाऱ्याला तिचाच आधार वाटतो. तिसरं, कॅम्पसमधली कुत्री जाणारच असतील तर ती कुठे गेली, तिथे किती जागा आहे, डॉक्टर येतो का, हे कॉलेजने लेखी विचारावं आणि आपण ते वाचावं.

एवढं केल्यावर 'बिचारी मुकी जनावरं' म्हणायला माझी काही हरकत नाही.