राखीव बाकावरचा मानकरी

मैफल रंगली की श्रोते गायकाचे नाव घेत घरी जातात. तबलजीची आठवण होते ती ठेका चुकला तरच. क्रीडांगणावरही हाच न्याय चालतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल म्हटले की मायकेल जॉर्डन हे नाव आमच्या शाळकरी मुलांच्याही ओठांवर येते. परंतु ज्यांच्या हाती ऐन वेळी चेंडू सोपवून जॉर्डन निर्धास्त झाले, त्या स्टीव्ह केर यांची खेळाडू म्हणून कारकीर्द किती जणांना ठाऊक आहे? ती ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

केर यांना दैवाने मुक्तहस्ते काही दिले नव्हते. सव्वासहा फुटांची उंची या खेळात ठेंगणीच. पायांत वेगही बेताचा. त्यांचे वडील माल्कम केर हे बैरुत येथील अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष. जानेवारी १९८४ मध्ये मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली, तेव्हा मुलगा ॲरिझोना विद्यापीठात नुकताच दाखल झाला होता. पुढे १९८६ साली गुडघा जायबंदी होऊन त्याचे एक वर्ष वाया गेले. १९८८ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात केर यांचा क्रमांक पन्नासावा लागला.

त्यानंतरच्या पंधरा हंगामांत ते ९१० सामने खेळले. पैकी आरंभापासून मैदानात उतरले ते अवघ्या ३० सामन्यांत! उरलेले सारे आयुष्य राखीव बाकावर. गुणांची सरासरी जेमतेम सहा. असा हिशेब मांडणारा माणूस त्यांना सहज नापास करील. पण त्याच वहीच्या पुढच्या पानावर पाच अजिंक्यपदे आहेत : शिकागो बुल्सबरोबर १९९६, १९९७ व १९९८, आणि सॅन अँटोनियो स्पर्सबरोबर १९९९ व २००३. दुरून मारलेल्या तीन गुणांच्या फेकींत त्यांचे यश शेकडा ४५.४ होते, आणि कारकिर्दीचा तो उच्चांक आजवर अबाधित आहे.

१९९७ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात युटा जॅझविरुद्ध ८६-८६ अशी बरोबरी होती. घड्याळात मोजके सेकंद उरलेले. दोन प्रतिस्पर्धी जॉर्डनवर धावून गेले, जॉर्डननी चेंडू केर यांच्याकडे दिला, आणि केर यांनी तो कडीतून पार केला. अजिंक्यपद शिकागोकडे गेले. २००३ मध्ये डॅलसविरुद्ध प्रमुख गार्ड टोनी पार्कर आजारी असताना, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, बहुतेक काळ बाकावर बसून काढलेल्या याच गृहस्थांनी तीन गुणांच्या चार फेका साधून सामना फिरविला.

कित्येक दिवस हाक येत नाही, आणि येते तेव्हा अंग गरम करण्याइतकाही अवकाश नसतो. तरीही हात कापू नये, यासाठी लागणारी तयारी प्रेक्षकांच्या टाळ्यांविना, रोज, एकट्याने करावी लागते. तारांकित खेळाडूला पहिली फेक चुकली तर दहा फेका मिळतात. राखीवाला पहिलीच मिळते, आणि तीच शेवटची ठरू शकते.

यावर कोणी म्हणेल, दुय्यम स्थानी समाधान माना हा उपदेश वरच्यांना सोयीचा आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सांगितले पाहिजे, की केर हे मुकाट्याने मान डोलावणारे नव्हते. १९९५ च्या सरावात ते खुद्द जॉर्डनशी भिडले आणि त्यांच्या हातचा ठोसा त्यांनी खाल्ला. जॉर्डननी क्षमा मागितली. दोघांतला विश्वास तेथून वाढला. बाकावर बसून पाहिलेला खेळही वाया गेला नाही. गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार अजिंक्यपदे मिळवून दिली.

आमच्याकडे पहिल्या अकरांत नाव नसले की मुलगा खेळ सोडतो, आणि पालकही 'बरे झाले, अभ्यास तरी होईल' म्हणून सुस्कारा टाकतात. त्या मुलास संधी मिळाली पाहिजे, हे संघचालकांचे कर्तव्य. मात्र संधी दार ठोठावील तेव्हा सिद्ध असणे, हे त्याचे स्वतःचे. ही दोन्ही कर्तव्ये जेथे पाळली जातात, तेथे राखीव बाक ही अडगळ राहत नाही. ती संघाची ठेव ठरते.