घराची हाडे आणि हवेच्या वाटा



जुन्या घरात नवी सोय करायची म्हटली की घरात आधी बोलणे होते ते खर्चाचे. मग कारागीर कधी येणार याचे. ज्या भिंतीला छिन्नी लागणार, ज्या तुळईला खाच पडणार, तिला ते झेपेल का, हे मात्र बहुधा कोणी विचारत नाही. न विचारल्याने काय होते याचा सर्वात मोठा दाखला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातच सापडतो. पैशाला तोटा नव्हता, देशातले नामांकित इंजिनिअर हाताशी होते आणि तरीही १९४८ साली व्हाइट हाऊस राहण्यास धोकादायक ठरले.

या घरात राहायला आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणजे जॉन ॲडम्स. ते १८०० च्या नोव्हेंबरमध्ये आले तेव्हा बांधकाम अर्धवट होते आणि भिंती ओल्या होत्या. पोटोमॅक नदीकाठचा तो मुलूख. हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटणारी दमट हवा. उबेसाठी खोल्याखोल्यांतून भिंतीतल्या शेकोट्या, एवढीच काय ती व्यवस्था. ॲडम्स यांच्या पत्नी ॲबिगेल यांनी आजच्या ईस्ट रूममध्ये, त्या अपुऱ्या दालनात, धुतलेले कपडे वाळत घातले होते.

शेकोटी म्हटली की चित्रात ती छान दिसते. पण तिच्यासाठी लाकूड वाहणारे, पहाटे राख काढणारे, रात्री विस्तव जागता ठेवणारे हात कोणाचे? ज्या दगडातून हे घर उभे राहिले तो व्हर्जिनियातील खाणीतून काढण्यात गुलामांचे श्रम होते. पुढे कित्येक राष्ट्राध्यक्षांनी आपल्या मालकीची गुलाम माणसे घरकामासाठी तिथे आणून ठेवली. तेव्हा घर उबदार ठेवण्याचे पहिले यंत्र माणूसच होता, हे जुन्या वास्तूंचे गोडवे गाताना लक्षात ठेवलेले बरे.

१८१४ मध्ये इंग्रजी फौजेने हे घर जाळले. बाहेरच्या दगडी भिंती तेवढ्या उरल्या. मग घाईघाईने पुन्हा बांधणी झाली आणि १८१७ मध्ये मन्रो राहायला आले. या घाईत आतल्या काही भिंतींत विटेऐवजी लाकूड वापरले गेले. बाहेरून दगडी वाडा आणि आतून लाकडी सांगाडा, अशी ती रचना. पुढचे सगळे रामायण इथे सुरू होते.

मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १८४१ या काळात, घराला पहिली मध्यवर्ती उष्णता मिळाली. तळघरात एक भट्टी. तिच्याभोवती बंदिस्त कोठी. कोठीतली हवा तापली की हलकी होऊन आपोआप वर चढायची आणि भिंतींतल्या पोकळ वाटांतून वरच्या दालनांत निघायची. पंखा नाही, पंप नाही. अर्थात भट्टीत कोळसा टाकायला माणूस लागतच होता. पुढे गरम पाण्याच्या नळ्या आल्या. नळी हवेच्या वाटेपेक्षा बारीक असते, म्हणून ती कुठूनही घुसवता येते, आणि धोका त्यातच असतो.

थंडाव्याची गोष्ट वेगळ्याच कारणाने आली. २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. भर उन्हाळ्यात ते या घरात अंथरुणाला खिळून होते. तेव्हा नौदलाच्या इंजिनिअरांनी बर्फाच्या पाण्याने भिजवलेल्या कापडाच्या पडद्यांवरून पंख्याने हवा फिरवून ती नळीने त्यांच्या खोलीत सोडली. खोलीचे तापमान सुमारे वीस अंश फॅरनहाइट उतरले म्हणतात. बर्फ मात्र लाखो पौंड लागला. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. पण बंद खोलीतली हवा माणसाला हवी तशी करता येते, हे लोकांनी पाहिले.

त्यानंतर सोयी एकीवर एक चढत गेल्या. पाण्याचे नळ आणि गॅसचे दिवे आधीच आले होते. १८९१ मध्ये वीज आली. १९०२ मध्ये मोठे जेवणघर वाढवण्यासाठी आतली रचना बदलली. १९२७ मध्ये जुने छप्पर काढून लोखंडाचा वजनदार मजला वर चढवला. १९२९ च्या नाताळच्या आदल्या रात्री शेजारच्या वेस्ट विंग या कार्यालयाला आग लागली, आणि दुरुस्ती करताना १९३० मध्ये तिथे मध्यवर्ती वातानुकूलन बसले. पुढे राहत्या खोल्यांतही गार हवेची यंत्रे आली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना ती गार हवा मुळीच आवडत नसे, ही गंमत निराळी.

प्रत्येक कारागिराने आपले काम चोख केले. पण नळवाल्याने खाच पाडली, विजेवाल्याने भोक पाडले, हवेच्या वाटा करणाऱ्याने आणखी थोडे कापले. कोणी कोणाचे जुने काप मोजले नाहीत. आता तुळई कशी काम करते ते पाहू. तिच्यावर ओझे आले की ती किंचित वाकते. वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या उंचीवर ताण सर्वात कमी असतो. म्हणून मधोमध लहानसे भोक ती सोसते. वरून किंवा खालून खाच घातली तर तिची जाडीच कमी होते, आणि जाडी अर्धी झाली की ताकद अर्ध्याहून पुष्कळ खाली येते. तुळया अशा सोललेल्या, आणि माथ्यावर नवा जड मजला!

ट्रुमन राहायला आले तेव्हा झुंबरे हलत होती, फरशा थरथरत होत्या. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीच्या पियानोचा पाय चक्क फरशीतून खाली गेला. तपासणी झाली आणि कुटुंबाला समोरच्या ब्लेअर हाऊसमध्ये हलावे लागले. सगळेच पाडून नवे बांधावे, हाही विचार पुढे आला होता. शेवटी बाहेरच्या भिंती राखून आतले सगळे काढायचे ठरले. भिंतींखाली नवा खोल पाया घातला, आत पोलादी सांगाडा उभारला. खोदकामाचे यंत्र आत नेण्यासाठी भिंतीला मोठे भगदाड पाडू द्यायला ट्रुमन तयार नव्हते, म्हणून यंत्राचे भाग सुटे करून दारातून नेले. सुमारे ५७ लाख डॉलर खर्चून २७ मार्च १९५२ रोजी कुटुंब परतले. नव्या घरात उष्णता आणि गारवा दोन्ही मध्यवर्ती होते आणि त्यांच्या वाटा या वेळी सांगाड्याबरोबरच आखल्या होत्या.

यातून शहाणपण आले ते जुन्या वास्तू सांभाळणाऱ्यांना. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने १९९१ मध्ये ऐतिहासिक इमारतींतील उष्णता, वायुवीजन आणि गारवा यांवर एक मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. आज असे काम करताना तळघर, माळा, कपाटांचे कोपरे, विझलेली धुराडी अशा आधीच रिकाम्या जागांतून वाटा नेतात. जिथे जागाच नाही तिथे दोन इंच व्यासाच्या लवचिक नळ्यांतून वेगाने हवा सोडतात. यंत्र गरजेपेक्षा मोठे घेणे हेही वाईट, कारण ते खोली पटकन गार करून बंद पडते आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. उलट हिवाळ्यात आतली तापलेली हवा फार कोरडी झाली तर लाकडी तावदाने आकसतात, सांधे सुटतात. तेव्हा ओलावा सोडावा, तर तीच वाफ थंड बाहेरच्या भिंतीत जाऊन पाणी होते आणि गिलावा फुगतो. म्हणून राहणाऱ्या माणसाला बरे वाटेल आणि भिंतीलाही सोसवेल असे मधले माप शोधावे लागते. ते मोजल्याशिवाय कळत नाही.

ट्रुमन यांच्या घरातून निघालेल्या जुन्या लाकडाचे, विटांचे, खिळ्यांचे तुकडे आठवण म्हणून लोकांना विकत मिळाले. गिलाव्याचा बराचसा राडारोडा मात्र भरावात गेला.