गर्भाशयाची शस्त्रक्रिया: छेद लहान झाला, विश्रांतीचे काय?

‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानाचा प्रारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १७ सप्टेंबर २०२५ रोजी मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून केला. रक्तक्षय, रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांच्या तपासणीची शिबिरे त्यानंतर देशभर भरली. तपासणीत दोष आढळला तर पुढे काय, हा प्रश्न मात्र शिबिराचा मांडव उठल्यावरच सुरू होतो. अतिरक्तस्राव, गर्भाशयातील गाठी किंवा अंग बाहेर येणे या तक्रारींवर इतर उपचार थकले की गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळतो. त्यासाठी धार आणि देवास या पवारांच्या जुन्या राजधान्यांतील अनेकींना इंदूर गाठावे लागते. देवासहून ते चाळीसेक किलोमीटरवर आहे. धारहून मात्र साधारण काणकोण ते बांबोळीएवढे अंतर पडते.

दुर्बिणीने होणाऱ्या शस्त्रक्रियेत पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरचे तीन-चार छेद पुरतात. वेदना कमी होतात आणि एक-दोन दिवसांत रुग्ण घरी जाते. येथेच गैरसमजाचे मूळ आहे. गर्भाशय काढल्यावर योनिमार्गाच्या वरच्या टोकाला आतून टाके घातलेले असतात. ते भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पोटावरचा छेद लहान असल्याने हा काळ कमी होत नाही. उलट आतले टाके उसवण्याचा दुर्मीळ धोका दुर्बिणीच्या पद्धतीत अधिक असल्याचे आढळले आहे. मोठी जखम दिसत असली की घरातले आपणहून हंडा हातातून काढून घेतात; चार बारीक टाके पाहून कोणी तसे करत नाही.

तयारीचीही तीच गत. शस्त्रक्रियेचे निम्मे यश आधीच्या महिन्यात ठरते. अनेक महिने रक्तस्राव झालेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन घटलेले असते. ते गोळ्यांनी वा शिरेतून दिलेल्या लोहाने भरून काढायला आठवडे लागतात. सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, आवश्यक तेथे गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे हे आधीच व्हावे लागते. कर्करोगाची शंका असेल तर शस्त्रक्रियेचा आराखडाच बदलतो. धारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात सिकलसेलची चाचणीही टाळता येत नाही, कारण भूल देताना त्या रुग्णाची वेगळी काळजी घ्यावी लागते. बीजकोश ठेवायचे की काढायचे, हेही आधीच बोलले गेले पाहिजे. पस्तिशीत दोन्ही बीजकोश गेले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि हाडे व हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते.

महागडी दुर्बीण नसली म्हणजे पोट उघडावेच लागते, असेही नाही. योनिमार्गे गर्भाशय काढण्याची जुनी पद्धत पोटावर एकही छेद न देता होते. शक्य असेल तेथे तिलाच प्राधान्य द्यावे, असे तज्ज्ञ संघटना सांगतात. जिल्हा रुग्णालयासाठी यंत्रखरेदीइतकेच हे कौशल्य मोलाचे आहे. पण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या प्रकरणाने २०१९ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रियांकडे लक्ष वेधले. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेले होते. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले. चाळिशीच्या आतील स्त्रीचे गर्भाशय का काढले, याची नोंद आणि जिल्हास्तरीय देखरेख समिती त्यांत आहे. हे आवश्यकच होते. तथापि, देखरेखीचा सारा रोख शस्त्रक्रिया का झाली यावर आहे. जिची खरोखर गरज होती, तिच्या पुढच्या सहा आठवड्यांचा हिशेब कोणाकडे नाही.

कायदाही येथे मुका आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा होती. गर्भाशय काढण्याचा उल्लेख नव्हता. देवासच्या कारखान्यात कर्मचारी राज्य विमा असलेल्या कामगार स्त्रीला निदान आजारपणाचा भत्ता मिळू शकतो. रोजंदारीवर जाणारीला तोही नाही.

घरी चालणे-फिरणे पहिल्याच दिवसापासून हवे, त्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका घटतो. वजन उचलणे मात्र सहा आठवडे वर्ज्य, आणि शरीरसंबंध डॉक्टरांच्या तपासणीपर्यंत. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, भरपूर रक्त जाणे, एका पायाला सूज किंवा नकळत लघवी गळणे यांपैकी काही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. धारच्या गावांतून आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातकडे निघतात. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या तपासणीची तारीख त्यामुळे नेमकी अशा वेळी येते, जेव्हा ती कोठल्या तरी बांधकामावर पोहोचलेली असते.