जुन्या सायकलीचे पाठभेद

दिवाळीच्या झाडलोटीत एक चमत्कार नेहमी घडतो. वर्षभर कुणाच्या डोळ्यांवर न आलेली वस्तू त्या चार दिवसांत एकाएकी जागा अडवू लागते. वाचकहो, तुमच्या जिन्याखाली अशी एखादी काळी, रॉडच्या ब्रेकची सायकल उभी असेल, तर ती भंगारात घालण्यापूर्वी थोडे थांबा. आमच्या शिरपुरात 'हाई भंगारमा देनी शे का?' असे विचारणारा गडी वजनाचा भाव करतो. पण अलीकडे दुसरेही एक गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते तराजू आणीत नाही. खिशातून भिंग काढते.

हा संग्राहक. त्याला कुणी वेडा म्हणू नये. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालयच थाटले आहे. २०१७ पासून ते लोकांना खुले आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बी. एस. ए. कंपनीची घडीची सायकल तेथे पाहायला मिळते. तेव्हा हे वेड एकट्यादुकट्याचे नव्हे.

आता तुम्ही विचाराल, मराठीच्या मास्तराचा सायकलीशी संबंध काय? सांगतो. जुन्या पोथ्या ताडून पाहणे आणि जुनी सायकल ताडून पाहणे, ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. पोथीचा काळ आपण कागद, अक्षरवळण आणि शेवटी घातलेला शक यांवरून ठरवतो. सायकलही आपला शक अंगावर बाळगते. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या मागच्या हबवर वर्षाचे आणि पुष्कळदा महिन्याचेही आकडे ठोकलेले असतात. '५२' आणि '६' दिसले, की तो हब १९५२ च्या जूनचा समजावा. रॅलेच्या चेनच्या मोठ्या चक्रात बगळ्यांची तोंडे कातलेली असतात, बी. एस. ए.च्या चक्रात तीच तीन अक्षरे. हँडलखालचा पितळी मोनोग्राम म्हणजे पोथीचे पहिले पान. तेही नीट वाचावे लागते, कारण रॅले नुसती नॉटिंगहॅमची नाही; १९५२ पासून आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यातही ती होत असे. दोन्ही अस्सलच, पण एकीला दुसरी म्हणून विकणे मात्र लबाडी.

जगभर हाच खेळ चालू आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पोरांनी १९७० च्या सुमारास मोटारसायकलच्या शर्यतींची नक्कल करीत लहान चाकांच्या सायकली मातीत उडवल्या, त्यातून बी. एम. एक्स. निघाली. ती पोरे आता आजोबा झाली आहेत, आणि लहानपणी न परवडलेले हँडल आज भरमसाट पैसे मोजून घेत आहेत. १९८२ च्या 'ई. टी.' चित्रपटात जपानच्या कुवाहारा कंपनीची सायकल झळकली. मागणी पाहून कंपनीने तशीच सायकल पुढे पुन्हा काढली. वस्तू दुर्मिळ झाली, की तिची नक्कल जन्माला येते. हा बाजाराचा जुना न्याय आहे.

नक्कल म्हटली की नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडे तर या काळ्या सायकलीची नक्कल कधी थांबलीच नाही. साहेब गेला, पण त्याच्या सायकलीचा आराखडा लुधियानाने उचलला. रॉडचे ब्रेक आणि अठ्ठावीस इंची टायर आजही आपल्या देशात होतात. परदेशी संग्राहकाला ज्या मापासाठी वणवण करावी लागते, ते आपल्या बाजारपेठेतला दुकानदार खुंटीवरून काढून देतो. रबर झिजते, कातडे फाटते. ते नवे घातलेच पाहिजे. नाहीतर सायकल चालायची कशी?

प्रश्न पुढेच आहे. आमच्या ओळखीचे एक पोस्टमन वारले. नातवाच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून सायकल विकायचे ठरले. मुलगा हौशी, त्याने तिला झकास काळा रंग मारला, हँडलला निकेल चढवले आणि बाजारातून आणलेला चकचकीत मोनोग्राम ठोकला. नाशिकहून गिऱ्हाईक आले. त्याने हौसेने चांगला आकडा सांगितला. तेवढ्यात आतून आजीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ही पट्टी नवी आहे. ह्यांच्या वेळची डब्यात ठेवली आहे." पावडरच्या डब्यातून त्यांनी झिजलेला मोनोग्राम आणि नगरपालिकेच्या सायकलकराचे पत्र्याचे बिल्ले काढून पुढे ठेवले. आकडा खाली आला. खरवडून काढलेला मूळ रंग काही कुणाला परत आणता येत नाही. नातवाचा चेहरा पडला. पण गिऱ्हाइकाने सायकल आणि डबा दोन्ही नेले, आणि नवा मोनोग्राम मुलाच्या हातात परत दिला. फीला जे कमी पडले, ते आजीबाईंनी बचतगटातून काढले.

त्या माउलीने जे केले, ते आमच्या वाङ्मयात थोर परंपरेचे आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा हे काम आपण केले आणि शके १५०६ मध्ये केले, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवले. दुरुस्ती केली, पण ती लपवली नाही. प्रक्षिप्त ओवी वाईट का? ती नवी असते म्हणून नव्हे, तर ती जुनी असल्याचा आव आणते म्हणून. सुट्या भागांचेही तसेच. नवा भाग जरूर बनवावा, पण त्याच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्याने आपली खूण आणि साल ठोकावे. पन्नास वर्षांनी भिंग घेऊन येणारा त्याला दुवा देईल.

तेव्हा या दिवाळीत सायकल पुसा, तिला तेल द्या; पण रंग खरवडू नका. काढलेला प्रत्येक जुना नट डब्यात घाला आणि डब्यावर चिठ्ठी लावा. विकायची असेल, तर डब्यासकट विका. नसेल, तर पाडव्याच्या सकाळी तिच्यावरून गावात एक फेरी मारून या. तिची खरी किंमत पहिल्याच चढावर कळेल!