पेटीवरची चाल कागदावर आणा

पेटी वाजवणारे, गाणं शिकवणारे, भजनी मंडळात चाली सांभाळणारे, शाळेत समूहगीतं बसवणारे अशा सगळ्यांना माझं सांगणं आहे: तुम्हाला येणाऱ्या चाली लिहून काढायला लागा, आणि त्या संगणकावर लिहा. फोनमध्ये रेकॉर्डिंग आहे की, असं कोणी म्हणेल. ते हवंच. पण रेकॉर्डिंगवरून चाल उचलायला तयार कान लागतो, आणि टाळ-पखवाजाच्या गजरात पेटीने गंधार कोमल घेतला की शुद्ध, हे तयार कानालाही पुष्कळदा कळत नाही. लिहिलेली चाल पुढ्यात असली की नवा वादक एकेक स्वर लावत ती बसवतो, आणि चुकला तर कुठे चुकला ते बोट ठेवून दाखवता येतं.

आपल्याकडे हे काम नवं नाही. पंडित भातखंड्यांनी निरनिराळ्या घराण्यांकडून बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपली वेगळी लिपी बसवली. तिकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलं पाच रेघांवरचं नोटेशन वाचायला शिकत होती. त्याच परंपरेतले सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक-संयोजक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. संगीतकाराने सुचवलेली चाल सगळ्या वाद्यवृंदाला एकदम वाजवता येईल अशी कागदावर उतरवणं हे त्यांचं काम होतं. तेव्हा पाच रेघा म्हणजे परकं काहीतरी, असं मनात धरू नका. आपल्या कानावरची कितीतरी गाणी त्या रेघांवरून वाजवलेली आहेत.

आता साहित्याचं. दुकानात जाण्याआधी घरातला माळा बघा. मुलांसाठी कधीतरी घेतलेला कॅसिओ किंवा यामाहाचा कीबोर्ड पुष्कळ घरांत पडून असतो. त्याच्या पाठीमागे ‘यूएसबी टू होस्ट’ असं लिहिलेलं एखादं पोर्ट आहे का पाहा. बहुधा ते चौकोनी असतं आणि त्याला प्रिंटरला लागते तीच वायर चालते. ते असेल तर तुमचा मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकाला जोडून स्वर लिहायचा कीबोर्ड, घरातच आहे, एक रुपयाही खर्च करू नका. नसेल आणि नवा घ्यायचाच असेल तर पेटीवाल्यांनी ३७ किंवा ४९ पट्ट्यांचा घ्यावा. तीन सप्तकांवर हात फिरतो, म्हणजे पेटीची सवय मोडत नाही. २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड लिहिण्यापुरता चालतो, पण मंद्रातून तारात जाताना दर वेळी सप्तक बदलायचं बटण दाबावं लागतं आणि चालीची लय तुटते. ८८ पट्ट्यांचा पियानोवाल्यांना लागतो, तुम्हाला नको.

नव्या माणसाची पहिली घाबरगुंडी इथेच उडते: कीबोर्ड जोडला, पट्टी दाबली, आवाज नाही. दुकानदाराने फसवलं असं वाटतं. मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. जातो तो निरोप: कोणती पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली. आवाज संगणक काढतो. नुसत्या मिडी कीबोर्डला स्पीकर नसतो, म्हणून प्रोग्रॅम उघडेपर्यंत तो गप्प राहणारच. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ही भाषा १९८३ साली ठरली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात पुढाकार होता. इतक्या वर्षांनंतरही ती चालू आहे, त्यामुळे जुना कीबोर्ड आणि नवा लॅपटॉप यांचं सहसा जमतं. या भाषेत प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक आकडा आहे. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२. हे आकडे पाठ करायचे नाहीत, पण पुढे एका ठिकाणी त्यांचा उलगडा उपयोगी पडणार आहे.

प्रोग्रॅम म्हणून म्युझस्कोअर घ्या. सध्या तो म्युझस्कोअर स्टुडिओ या नावाने मिळतो. पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि आपल्या कामाला लागेल ते सगळं त्यात आहे. एक सावधगिरी मात्र ठेवा. याच नावाची स्वरलिप्या वाटण्याची एक साइट आहे आणि तिथे वर्गणी मागतात. प्रोग्रॅम उतरवायला पैसे लागत नाहीत. कुठे कार्डाचा नंबर मागितला तर तुम्ही चुकीच्या दारात आहात. डोरिको, सिबेलिअस हीसुद्धा नावाजलेली नावं आहेत आणि छपाईच्या धंद्यातली माणसं ती वापरतात, पण सुरुवातीला त्यांच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

कीबोर्ड जोडा, मग प्रोग्रॅम उघडा, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मिडी इनपुटला तुमच्या कीबोर्डचं नाव दिसतंय ना ते बघा. नवीन पान घ्या, वाद्य म्हणून पियानो निवडा. सध्या आवाजाचा विचार सोडून द्या.

पहिल्याच दिवशी सगळे एक गोष्ट करायला जातात, ती करू नका. रेकॉर्डचं बटण दाबून चाल वाजवून टाकायची आणि संगणकाने ती आपोआप लिहायची, असं ते स्वप्न असतं. पण माणूस घड्याळासारखा वाजवत नाही. तुमचा ठेका जरा मागे-पुढे झाला की संगणक तो मागे-पुढेपणा इमानाने लिहितो. मग पानावर तुकड्यातुकड्यांचे स्वर, मध्येच विश्रांती, जिकडेतिकडे जोडरेघा असं जंगल उगवतं. ते साफ करण्यापेक्षा नव्याने लिहिणं सोपं. एकेक स्वर देत लिहायची पद्धत संथ वाटते, पण तीच घ्या.

ती अशी. ‘एन’ हे अक्षर दाबलं की लिहिणं सुरू होतं. मग आकड्याने लांबी सांगायची: ५ म्हणजे एक मात्रा, ४ म्हणजे अर्धी, ३ म्हणजे पाव, ६ म्हणजे दोन, ७ म्हणजे चार. लांबी सांगितली की कीबोर्डवर पट्टी दाबायची, स्वर उमटतो. आणि इथे पेटीवाल्याला एक जन्मजात सोय आहे. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर ही आपली बैठक. आता भाता नाही, डावा हात मोकळा. लॅपटॉप डावीकडे ठेवा, डाव्या हाताची बोटं ३ ते ७ या आकड्यांवर, उजवा हात कीबोर्डवर. दोन्ही हातांना आपापलं काम मिळतं आणि नजर पडद्यावर राहते. माउस घेऊन रेघेवर नेम धरत बसणाऱ्यापेक्षा तुम्ही कितीतरी पुढे असाल.

डोक्याला एक वळण मात्र द्यावं लागतं. भातखंडे पद्धतीत आपण आधी स्वर लिहितो आणि तो जितका लांबेल तितक्या रेघा पुढे देत जातो. इथे उलटं: आधी लांबी, मग स्वर. सुरुवातीला हात सवयीने आधी पट्टीवर जातो आणि तीन मात्रांचा षड्ज एकाच मात्रेचा होऊन बसतो. मग राहिलेल्या दोन मात्रा भरायला लोक विश्रांती टाकतात. ती चूक आहे, कारण विश्रांती म्हणजे आवाज बंद. तीन मात्रा हव्यात तर आधी ६, मग टिंब, मग स्वर.

सा कुठे धरायचा? गाणारा काळी चारमध्ये गातो की काळी पाचमध्ये, याची काळजी लिहिताना करू नका. पांढरी एकला सा धरून लिहा. शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर राहतात, पान वाचायला स्वच्छ दिसतं, आणि नंतर ट्रान्सपोजची आज्ञा देऊन सगळी चाल हव्या त्या पट्टीत नेता येते.

आता मघाचे आकडे. तुम्ही कोमल गंधार दाबलात तर कीबोर्डकडून निरोप जातो फक्त ६३. हा चढवलेला रिषभ की उतरवलेला गंधार, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून प्रोग्रॅम कधी भलत्याच रेघेवर स्वर बसवतो. कानाला बरोबर लागतं, डोळ्याला भीमपलास ओळखू येत नाही. तो स्वर निवडून ‘जे’ दाबा, नाव बदलतं. कोमल स्वर नेहमी उतरते आणि मध्यम तीव्र असेल तर चढता लिहायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. भैरवात रिषभ आणि धैवत दोन्ही कोमल आहेत, तिथे हे तपासल्याशिवाय कागद कोणाच्या हातात देऊ नका.

तालासाठी बार आधीच ठरवा. तीनताल असेल तर चार-चार मात्रांचे चार बार आणि चार बारांनंतर ओळ तोडा. बारची उभी रेघ निवडून एंटर दाबलं की ओळ तुटते. म्हणजे एका ओळीत एक आवर्तन बसतं आणि सम प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला येते. नवव्या मात्रेपासून उठणारी बंदिश असेल तर पहिल्या ओळीतले पहिले दोन बार रिकामे ठेवा. झपतालाला दहा मात्रांचा, रूपकाला सातांचा एकच बार घ्या. बाकीच्या तालांचं तुम्हाला जमेल.

शब्द मराठीतच लिहा. कंट्रोल आणि ‘एल’ दाबून अक्षर लिहायचं, स्पेस दिली की पुढच्या स्वरावर जाता येतं. एकच शब्द अनेक स्वरांवर पसरला असेल तर मध्ये संयोगचिन्ह द्या. टंकलेखन युनिकोडमध्ये हवं. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं पद इथे चिकटवलंत तर भलतीच अक्षरं उमटतील. माझा आग्रह असा की गीताची दुसरी ओळ म्हणून खाली सरगमही लिहावी. मंडळात पाच रेघा वाचणारे दोघंच असतील, सरगम वाचणारे मात्र भरपूर असतात. एकाच कागदावर दोघांचं भागतं.

हे सगळं केल्यावरही कागदावर पूर्ण गाणं येत नाही, हे खरंच आहे. मींड नुसत्या रेघेने सुचवता येते, कणस्वर छोट्या स्वराने दाखवता येतो, पण दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याही लिपीत मावत नाही. संगणकाने वाजवून दाखवलेली चाल ऐकून निराश होऊ नका. तो आवाज तुमचं लिहिणं तपासायला आहे, लोकांना ऐकवायला नाही. लिहिलेल्या पानाबरोबर गुरूंच्या किंवा जाणत्या गायकाच्या गळ्यातलं रेकॉर्डिंग नेहमी जोडून ठेवा. भजनं, आरत्या, भूपाळ्या, ओव्या, समूहगीतं यांच्या बाबतीत मात्र कागद बराच दूरवर साथ देतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. पहिली चाल निवडताना अवघड नाट्यपद घेऊ नका. गणपतीच्या आरतीची आपल्या घरात म्हणतात ती चाल घ्या, शेवटपर्यंत न्या, छापा.

फाइल एकाच रूपात ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. फिनाले नावाचा प्रोग्रॅम पस्तीस वर्षांहून जास्त काळ जगभरचे संगीतकार वापरत होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने यापुढे त्यावर काम करणार नाही असं जाहीर केलं, आणि आयुष्यभराच्या फायली त्यात असलेल्यांची धावपळ झाली. तुमची चाल पूर्ण झाली की मूळ फाइलबरोबर एक प्रत म्युझिक-एक्सएमएलमध्ये काढा, ती दुसरे प्रोग्रॅमही वाचतात. एक पीडीएफ काढा, व्हॉट्सॲपवर पाठवायला. आणि एक कागदावर छापून मंडळाच्या कपाटात ठेवा. हयात किंवा अलीकडच्या संगीतकाराची चाल असेल तर ती शिकण्याशिकवण्यापुरती ठेवा, विकायला काढू नका. हक्क त्यांचे आहेत.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर चाल कोणाकडून मिळाली, कोणत्या गावची, कोणत्या साली लिहिली हे टाका. एकाच अभंगाच्या दोन गावांत दोन चाली असतात. त्यातली खरी कोणती हा वाद घालू नका, दोन्ही लिहा.

आणि क्रम लावताना आपल्या आवडीला मागे ठेवा. जी चाल आता एकाच माणसाला येते, ती आधी. लॅपटॉप आणि कीबोर्ड घेऊन त्यांच्या घरी जा. आजी म्हणत असतील तर त्यांना त्यांच्या सुरात म्हणू द्या, पट्टी लादू नका. त्यांचा सा कीबोर्डवर शोधा, फोनवर दोनदा रेकॉर्ड करा आणि त्या दिवशी फक्त मुखडा लिहा. बाकीचं घरी येऊन पूर्ण करा. पुढच्या वेळी छापलेला कागद घेऊन जा, त्यांच्यासमोर वाजवा, आणि त्या जिथे “असं नाही” म्हणतील तिथे तेवढा स्वर बदला.